ताप का आला नाही, ते मी सांगतो

मी बोलतोय ते एका बाईच्या यकृतातून. उजव्या बरगड्यांच्या आड, अंधारात, एका पेशीच्या भिंतीवर माझं ठाणं आहे. डोकं भिंतीबाहेर, रक्ताच्या बाजूला, आणि शेपूट आत. मी इतका लहान आहे की तुमच्या भिंगातूनही दिसायचा नाही. पण म्हणून हिणवू नका. मूर्ती लहान, कीर्ती महान, असं तुम्हीच म्हणता ना? माझी कीर्ती कोणी ऐकलेली नाही, हा भाग वेगळा.

शास्त्राच्या पुस्तकात मला ग्राही म्हणतात, दवाखान्यात रिसेप्टर. कोणी कोणी मला कुलूप म्हणतं आणि माझ्याकडे येणाऱ्या निरोप्याला किल्ली. त्याचा मला भारी राग येतो. कुलूप मुकं असतं. माझं तर कामच मुळी सांगण्याचं! बाहेर जे चाललंय ते आत कळवायचं. चहाडखोर म्हणा हवं तर, पण अशा चहाड्यांवरच माणसं जगतात.

मला बाहेरची बोलणी कशी ऐकू आली, असं विचारू नका. भिंतीला कान असतात म्हणता, मग पेशीच्या भिंतीला का नसावेत? शिवाय आमच्या वस्तीच्या बरोबर वर श्वासाचा पडदा आहे. बाई हसली, रडली, खोकली की आम्ही सगळे हलतो. तिच्या मनातलं तर आम्हाला तिच्याआधी कळतं.

माझा जन्म याच पेशीच्या पोटातला. केंद्रकातून नकाशा आला, त्याबरहुकूम एकेक मणी ओवला गेला, घड्या पडल्या, अंगावर साखरेचे गोंडे चढले, आणि मला ढकलत ढकलत भिंतीपर्यंत आणून उभं केलं. आमचं आयुष्य थोडं. जुना झाला की पेशी त्याला आत ओढते, मोडते आणि त्याच नकाशावरून दुसरा घडवते. म्हणून मी ‘मी’ म्हणतो तेव्हा त्यात माझे बाप-आजेही आले. जाणारा येणाऱ्याला सगळं सांगून जातो, एवढी शिस्त आमच्यात आहे.

माझा निरोप्या एकच. त्याचं नाव इंटरल्यूकिन सहा. सायटोकाइन म्हणून एक मोठं खानदान आहे. एका पेशीचा निरोप दुसरीकडे नेणं हाच त्यांचा पिढीजात धंदा. आम्ही आमच्या निरोप्याला नुसतं ‘सहावा’ म्हणतो. शरीरात कुठे जंतू शिरले, कुठे काही फाटलं की तिथल्या पेशी त्याला रक्तात सोडतात. तो वाहत येतो आणि थेट माझ्या डोक्यावर बसतो.

आता खरं सांगायचं तर माझी शेपूट आखूड. आतवर निरोप द्यायचं माझ्या एकट्याच्याने होत नाही. त्यासाठी एक शेजारी आहे. लांब शेपटीचा, धिप्पाड आणि आळशी. एरवी माझ्याकडे ढुंकूनही बघत नाही. पण सहावा माझ्या डोक्यावर बसला रे बसला की हा सरकत येतो, आणि पलीकडून त्याचा जुळा भाऊही येतो. दोघं खेटून उभे राहिले की खरी गंमत सुरू होते.

त्या दोघांच्या शेपटीला आतल्या बाजूने एकेक जॅक चिकटलेला असतो. जॅक म्हणजे एक एंझाइम, पण स्वभावाने शिक्का मारणारा कारकून. एकटा असला की पेंगत असतो. समोर दुसरा जॅक आला की दोघं एकमेकांना डिवचून जागे करतात आणि शेपट्यांवर फॉस्फेटचे शिक्के ठोकत सुटतात. त्या शिक्क्यांवर येऊन चिकटतो स्टॅट, आतल्या आत निरोप नेणारा. हा आत नुसता तरंगत असतो, हाताला काम नाही. चिकटला की जॅक त्यालाही शिक्का मारतो. मग शिक्का बसलेले दोन स्टॅट एकमेकांचा हात धरतात आणि केंद्रकाकडे धूम ठोकतात. तिथे ते हवी ती जनुकं उघडतात आणि यकृत कामाला लागतं. सी-आर-पी नावाचं प्रथिन ढिगाने बनतं आणि रक्तात उतरतं. रक्त तपासणाऱ्याला ते दिसतं आणि तो म्हणतो, कुठेतरी आग लागलीय. तिकडे मेंदूपाशी माझे भाऊबंद आहेत. त्यांनी असाच निरोप पोचवला की ताप चढतो.

आणि हो, थांबायची सोयही त्याच निरोपात असते. उघडलेल्या जनुकांपैकी एक असं काही बनवतं, जे परत येऊन जॅकची मानगूट धरतं. ‘पुरे, ऐकलं!’ की सगळं शांत. तुमच्या घरांत भांडण सुरू करणारे ढीगभर असतात, थांबवणारं कोणी नसतं. आमच्याकडे तसं नाही.

तसं नव्हतं, म्हणायला हवं.

आमची मालकीण चष्म्याच्या दुकानात कामाला होती. दुकानाच्या मागच्या बाजूला, खिडकीपाशी तिचं टेबल. काचा घासायच्या, फ्रेममध्ये बसवायच्या, सैल झालेल्या काड्या आवळायच्या, नाकावरच्या गाद्या बदलायच्या. चष्म्याचा स्क्रू मोहरीहून लहान. तो चिमटीत धरून भोकात बसवायचा म्हणजे गंमत नाही. दुकानात दुसऱ्या कोणाला ते धड जमायचं नाही. गिऱ्हाईक तक्रार घेऊन आलं की मालक बसल्या जागेवरून म्हणायचे, “काकूंना दाखवा, काकू बघतील.” काकूंपेक्षा वयाने मोठी माणसंही त्यांना काकूच म्हणायची.

काकूंना आपल्या बोटांचा गर्व होता. तोंडाने कधी म्हणाल्या नाहीत, पण स्क्रू एका फटक्यात बसला की त्यांची छाती जराशी वर यायची, ते मला कळायचं.

नवरा एका मोठ्या लाँड्रीत बॉयलरवर. दिवसभर वाफेचा काटा आणि पाण्याची काचनळी, याच्यावर डोळा ठेवून बसायचं. काटा चढला की आग कमी, पाणी उतरलं की पंप सुरू. माणूस मायाळू, पण घरीही काट्याशिवाय बोलायचा नाही. दाराजवळच्या खिळ्याला डबीत थर्मामीटर लटकलेला. घरात कोणी कण्हलं की आधी तो काखेत. “काटा बघ, मग बोल,” हे त्याचं ठरलेलं वाक्य. लेक शाळेला दांडी मारायला बघायची तेव्हा काटा तिच्या विरुद्ध साक्ष द्यायचा. मग ती पाय आपटत दप्तर उचलायची आणि हा मिशीत हसायचा.

काट्यावर न आलेलं दुखणं त्या घरात दुखणं नव्हतं.

पुढे काकूंच्या सांध्यांतून सहावा यायला लागला. ना जंतू, ना जखम, आणि निरोपावर निरोप! चौकशी केली तेव्हा कळलं की शरीराचे पहारेकरीच सांध्यांवर उलटलेत. कुंपणच शेत खायला लागलं, मग सांगायचं कोणाला? आम्ही आपलं काम करत राहिलो. सहावा आला की शेजारी सरकला, जॅक उठला, स्टॅट पळाला. मानगूट धरणारा यायचा, पण त्याने एकाला गप्प करेपर्यंत चार नवे येऊन बसलेले.

सकाळी काकूंची बोटं वळायची नाहीत. गरम पाण्यात हात बुडवून बसायच्या. डब्याचं झाकण लेकीने उघडायचं, ब्लाऊजची हुकं लेकीने लावायची. दुकानात स्क्रू हातातून निसटायचा, आणि काकू टेबलाखाली वाकून शोधत राहायच्या. एकदा नवरा चेष्टेत म्हणाला, “अगं, स्क्रू ढिला झाला म्हणतात तो हाच का?” काकू हसल्या. मग स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून रडल्या. नळाच्या आवाजात त्याला ऐकू गेलं नाही. आम्ही मात्र हललो.

गोळ्या झाल्या. त्यांनी पोट बिघडलं, बोटं तशीच. मग सांध्यांच्या डॉक्टरीणबाईंनी इंजेक्शन सुरू केलं, महिन्यातून एकदा, सलाइनमधून. आणि माझ्यावर संक्रांत आली.

ते औषध म्हणजे मुद्दाम घडवलेलं एक प्रथिन. रक्तातून आलं आणि सहाव्याची जागा अडवून माझ्या डोक्यावर ठाण मांडून बसलं. सहावा आला, घुटमळला, पुढे वाहून गेला. मी बोलायला तोंड उघडावं आणि कोणी बोळा कोंबावा, तशी गत झाली. शेजारी सरकेना, जॅक उठेना, स्टॅट आत तरंगत राहिले. माझ्या शेजारच्या, पलीकडच्या, मेंदूपासच्या, सांध्यांतल्या, सगळ्या भाऊबंदांच्या तोंडात बोळे.

मी चिडलो, नाकारत नाही. पण काकूंना बरं वाटलं तेही नाकारत नाही. खोटं बोलायची आमच्यात पद्धत नाही.

एका सकाळी त्यांनी डब्याचं झाकण उघडलं. उघडून बंद केलं, पुन्हा उघडलं. लेकीला हाक मारली, नवऱ्याला हाक मारली.

“बघा हो, बघा!”

“वा वा,” तो म्हणाला, “आता माझा गळा दाबायलाही मोकळी झालीस.”

“त्याला बोटं कशाला हवीत? नुसती नजर पुरे माझी.”

तिघंही हसले. त्या हसण्याने आमची वस्ती कितीतरी वेळ हिंदकळत होती. मी म्हटलं, जाऊ दे, कोंबू दे बोळा.

पण डॉक्टरीणबाईंनी एक गोष्ट बजावली होती, ती मी शब्द न् शब्द ऐकली.

“हे बघा काकू, हे औषध सूज थांबवतं, पण शरीराची बोंबही बंद करतं. उद्या कुठे इन्फेक्शन झालं तरी ताप येईलच असं नाही. रक्ताचा रिपोर्टही चांगला दिसेल. म्हणून तापाची वाट बघत बसायचं नाही. पोटात दुखलं, दम लागला, नुसतं कसंतरी वाटलं, तरी लगेच फोन करायचा. कळलं?”

“कळलं.”

“आणि इन्फेक्शन असलं तर इंजेक्शन थांबवावं लागतं, हेही लक्षात ठेवा.”

माणसाचं डोकं अजब आहे. चार वाक्यं ऐकतं आणि सोयीचं किंवा भीतीचं तेवढं एक धरून ठेवतं. काकूंनी शेवटचं धरलं. घरी येऊन नवऱ्याला सगळं सांगितलं खरं, पण तोही त्याच्या वळणाने गेला.

“ताप लपतो म्हणजे काय? ताप काय मांजर आहे लपायला? काटा चढला तर ताप, नाही चढला तर नाही.”

“अहो, त्या डॉक्टर आहेत.”

“असतील. माझा बॉयलर काट्यावर चालतो आणि आजवर फुटला नाही.”

विषय तिथे मिटला. वर्ष-दीड वर्ष सुखात गेलं. काकूंचा हात पुन्हा बसला. दुकानात ‘काकूंना दाखवा’ पुन्हा सुरू झालं. त्यांनी लेकीला स्क्रू धरायला शिकवलं, आणि तिच्या हातून पडला की “धांदरट!” म्हणून ओरडण्याचं सुखही घेतलं.

मग पोटातली गोष्ट घडली. मोठ्या आतड्याच्या भिंतीला वयाने बारीक फुगे येतात. पुष्कळांना असतात, कोणाला पत्ता नसतो. काकूंना डाव्या कुशीत खाली असा एक होता. तो सुजला, आणि एके दिवशी त्याला टाचणीएवढं भोक पडलं. आतली घाण पोटात पाझरायला लागली.

सहावा आला. एक नाही, दोन नाही, लोंढेच आले! इतक्या घाईत मी त्याला कधी पाहिलं नव्हतं. माझ्या डोक्याशी येऊन धडकायचा, जागा अडलेली बघायचा, आणि मागच्या लोंढ्याने पुढे ढकलला जायचा. मला सगळं समजत होतं आणि तोंडात बोळा होता. एरवी इतक्यात सी-आर-पीचे ढीग लागले असते, ताप एकशे तीनवर गेला असता, थंडीने दात वाजले असते, आणि नवऱ्याने काटा बघून काकूंना उचलून धावत नेलं असतं. धावलाच असता हो तो! काटा चढल्यावर धावण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता.

काकूंना फक्त डाव्या कुशीत दुखत होतं. बोथट, सहन होण्यासारखं.

“अहो, पोटात कसंतरीच होतंय.”

डबी उघडली, थर्मामीटर काखेत.  मग त्याने तो खिडकीच्या उजेडात धरला.

“अठ्ठ्याण्णव. उगाच घाबरवतेस. काहीतरी बाधलं असेल.”

“आई, डॉक्टरीणबाईंना फोन करू का?” लेकीने विचारलं.

“नको गं. शनिवारी इंजेक्शनला जायचंच आहे, तेव्हा सांगते.”

लेकीला त्यांनी एवढंच सांगितलं. मनातलं पुढचं वाक्य आम्ही ऐकलं: आधी टोचून घेते, मग सांगते. त्यांना त्या गरम पाण्याच्या सकाळी आठवत होत्या. टेबलाखाली वाकून स्क्रू शोधणं आठवत होतं. एक महिना इंजेक्शन चुकलं तर बोटं पुन्हा आखडतील, या भीतीने त्यांचा जीव इतका लहान झाला होता की पोटातलं दुखणं त्यापुढे किरकोळ वाटत होतं. मी कितीदा म्हणालो, अहो काकू, बोटं जातील तर जाऊ देत, आधी जिवाचं बघा! पण मी म्हणालो ते माझ्यातच राहिलं.

शनिवारी त्या गेल्या. सलाइन लावण्याआधी तिथली नर्स सगळ्यांना विचारते तेच विचारलं.

“काकू, ताप, खोकला, कुठे दुखतंय-बिखतंय?”

“नाही हो. छान आहे.”

नर्सने ताप बघितला. नव्हताच. नळीतून थेंब थेंब औषध उतरलं आणि ज्यांचे बोळे थोडे सैल झाले होते त्यांच्याही तोंडात नवे बसले. माझ्यासुद्धा. त्या ‘छान आहे’ला मी काय नाव देऊ? खोटं म्हणवत नाही मला. बोटांसाठी म्हणाल्या बिचाऱ्या.

घरी येऊन त्यांनी खरोखरच सांगायचं ठरवलं, पण आता सांगितलं तर आधी का नाही बोललात, असं डॉक्टरीणबाई विचारतील म्हणून लाजल्या. ‘उद्या सांगते’ झालं. दुखणं मात्र वाढलं. शेवटी नवराच म्हणाला, “चल, कोपऱ्यावरच्या डॉक्टरांना दाखवू.” कामावरून मधेच निघून आला होता. पट्ट्याला बॉयलरच्या खोलीची किल्ली तशीच लटकत होती.

कोपऱ्यावरचे डॉक्टर भला माणूस. बाहेर गर्दी, आत पंखा घरघरतोय. त्यांनी पोट दाबलं.

“इथे दुखतं?”

“थोडं.”

“पोट मऊ आहे. ताप?”

“नाही,” नवराच म्हणाला, “मी रोज बघतो.”

“औषधं कुठली चालू?”

“सांध्यांचं एक इंजेक्शन,” काकू म्हणाल्या.

डॉक्टरांनी मान हलवली. सांध्यांची इंजेक्शनं शंभर तऱ्हेची असतात. कुठलं, ते त्यांनी विचारलं नाही आणि काकूंनी सांगितलं नाही. रक्त तपासायला पाठवलं. रिपोर्टमध्ये सी-आर-पी जवळजवळ शून्य. असायचंच! बनवायचा निरोप देणारा मी, आणि मी असा. डॉक्टर रिपोर्ट बघून खूश झाले.

“काकू, तुमचा रिपोर्ट माझ्यापेक्षा चांगला आलाय. गॅस आहे. गोळ्या देतो, हलकं खा.”

“बघ!” नवरा बाहेर आल्यावर म्हणाला. “सांगत नव्हतो मी?” त्याच्या आवाजात इतका आनंद होता की काकूंनाही वाटलं, खरंच काही नसेल. सुटल्यासारख्या हसल्या. रस्ताभर त्याने त्यांचा हात धरला होता आणि बोटं चाचपत म्हणत होता, “बोटं बघ कशी झालीत, नव्या नवरीसारखी.”

तो शून्याचा रिपोर्ट मीच लिहिल्यासारखा होता, आणि त्यातलं अक्षरही माझं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी काकू दुकानात गेल्या. एका लहान मुलीचा चष्मा आला होता, काडी निखळलेली. काकूंनी स्क्रू चिमटीत धरला, भोकात बसवला, आवळला. हात जराही हलला नाही. मग त्यांनी चष्मा पुढे केला आणि तशाच टेबलावर आडव्या झाल्या. मालक धावले. काकूंचं अंग गार, घामाने भिजलेलं, आणि नाडी लागेना. आमच्याकडे येणारं रक्त एकदम ओसरलं.

मोठ्या दवाखान्यात फोटो काढले, पोट उघडलं. आत सगळं पू झालेलं. सर्जन बाहेर आले तेव्हा नवरा आणि लेक बाकावर बसलेले. त्यांनी औषधाचं नाव विचारलं. लेकीने मोबाईलमधला औषधाच्या चिठ्ठीचा फोटो दाखवला. सर्जननी डोळे मिटले आणि उघडले.

“या औषधाने ताप येत नाही. रिपोर्टमध्येही दिसत नाही. कोणी सांगितलं नव्हतं?”

“सांगितलं होतं,” लेक म्हणाली.

 नवरा सर्जनना नव्हे, समोरच्या भिंतीला सांगितल्यासारखं म्हणाला, “आमच्याकडे काचनळी असते, बॉयलरमधलं पाणी दाखवायची. तिचं तोंड गाळाने चोंदलं की आत पाणी संपलं तरी काचेत दिसतं. बॉयलर फुटतात ते त्यानेच. म्हणून मी कामावर गेलो की पहिली ती नळी वाफेने फुंकून साफ करतो. काच खरं बोलतेय ना, ते बघतो आणि मगच विश्वास ठेवतो.” तो थांबला. “रोज बघतो हो, साहेब. रोज.”

लेकीने त्याच्या पाठीवर हात ठेवला.  सर्जनना आतून हाक आली.

त्यानंतरचं सगळं यंत्रांवर चाललंय. काकूंच्या तोंडात नळी, मानेत नळी, पोटात नळी. शुद्ध नाही. डॉक्टरीणबाई येऊन गेल्या. त्यांना लेकीने विचारलं, आई कधी उठेल. त्या काकूंच्या कपाळावरून हात फिरवत राहिल्या आणि म्हणाल्या, “बघू.” एवढं शिकलेल्या बाईला एवढंच म्हणता आलं, यावरून काय ते समजा.

पुढच्या इंजेक्शनची तारीख येऊन गेली. ते दिलं नाही, देणार कोण? हळूहळू आधीचं औषध विरलं. सगळ्यात आधी सांध्यांतल्या भाऊबंदांचे बोळे सुटले. लेक आईचा हात हातात घेऊन बसली होती.

“बाबा, आईची बोटं बघा.”

सुजली होती. पेरांपाशी लाल, अर्धवट वळलेली, पूर्वीसारखीच. ज्या बोटांसाठी काकू ‘छान आहे’ म्हणाल्या होत्या ती बोटंही गेली. नवऱ्याने त्यांच्यावर रुमाल घातला, जणू काकूंना दिसू नयेत म्हणून.

मग मेंदूपासचे सुटले. आज सकाळी नर्सने पाहिलं आणि नोंद करता करता म्हणाली, “ताप आलाय. एकशे दोन.”

नवरा ताडकन उभा राहिला. पलंगाच्या पट्टीवर हात आपटून ओरडला, “आता? आता येतोस होय रे? आता कशाला आलास?”

नर्स घाबरली. लेक त्याला ओढत बाहेर घेऊन गेली. जाताना तो रडत होता, मोठ्याने, लहान मुलासारखा, आणि नळ सोडायला तिथे जागा नव्हती.

आता माझाही बोळा निघालाय. म्हणूनच तर एवढं बोललो. पण आमच्या वस्तीची दशा काय सांगू? रक्त धड पोचत नाही. पलीकडच्या पेशी काळ्या पडल्या, त्यांच्या भिंतीवरचे माझे भाऊबंद भिंतीसकट गेले. माझ्यामागून नवा घडवायला आमच्या पेशीकडे मणी उरले नाहीत. म्हणजे हे सगळं पुढच्याला सांगून जाण्याची सोय नाही, म्हणून तुम्हाला सांगतोय.

तुमच्याकडे मागणं एकच. घरात कोणी ‘कसंतरी होतंय’ म्हणालं तर आधी त्याच्या तोंडाकडे बघा, काटा राहू दे खिळ्याला. आणि तुम्हाला कोणी विचारलं, कुठे दुखतंय का, तर दुखत असलेलं सांगा हो! भीती वाटत असेल तर तीही सांगा. ऐकाल असं मला वाटत नाही. काकूंनाही सांगितलं होतं, नवऱ्यालाही सांगितलं होतं.

सहावा आत्ताच येऊन माझ्या डोक्यावर बसलाय. शेजारी सरकला, जॅक उठले, शिक्के पडले. दोन स्टॅट हात धरून केंद्रकाकडे पळत गेले, अगदी पूर्वीसारखे. निरोप पोचलाय. आत कोणीच उठत नाही.